बॅकअपमुळे कॉम्प्युटर रखडतोय? एंड टास्क दाबण्याआधी हे क्रमाने करा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीनंतर गोव्यातली दुकानं, गेस्ट हाऊस आणि सी.ए.ची ऑफिसं उघडतात, त्या दिवशी माझा फोन सकाळी साडेनऊपासून वाजायला लागतो. चार-पाच दिवस बंद असलेले कॉम्प्युटर एकदम चालू होतात आणि तक्रार सगळीकडून एकच येते: पंखा भणभणतोय, टॅली उघडायला दहा मिनिटं लागतात, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्के. मला फोन लावण्याआधी बहुतेकांनी वर दिसणाऱ्या प्रोग्रॅमवर एंड टास्क करून पाहिलेलं असतं. एखादा बॅकअप सॉफ्टवेअरच काढून मोकळा झालेला असतो.

एंड टास्कने दहा मिनिटं बरं वाटतं. पण बॅकअप मध्येच मारला की बरीच सॉफ्टवेअरं पुढच्या वेळी आपली सगळी यादी पहिल्यापासून तपासत बसतात, आणि काल अर्धा तास रखडलेला पीसी आज दोन तास रखडतो. खालचा क्रम विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूतले शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. टप्प्यांचा क्रम मात्र, मी सांगेन तिथे सोडून, बदलू नका.

## तयारी: सेटिंगला हात लावण्याआधी

शेवटचा बॅकअप कधी झाला ते सॉफ्टवेअर उघडून बघा आणि तारीख वहीत लिहा. मग त्यातली एखादी छोटी फाईल, एखादं बिल किंवा एक्सेल शीट, डेस्कटॉपवर परत काढून उघडून पाहा. हिरवी खूण दिसते म्हणून बॅकअप चांगलाच असेल असं नसतं. फाईल उघडली नाही तर हा लेख बाजूला ठेवा. महत्त्वाचे फोल्डर हाताने एखाद्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच इकडे या.

बॅकअपला पासवर्ड किंवा एन्क्रिप्शन की (बॅकअपचं कुलूप उघडणारी सांकेतिक किल्ली) असेल तर ती कुठे लिहिली आहे ते आत्ताच शोधा. नवव्या टप्प्यात ती लागू शकते, आणि ती हरवली असेल तर जुना बॅकअप कुणालाच उघडता येत नाही.

अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हाताशी ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा.

सावधान: जीएसटीचं काम करणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या आदल्या दिवशी यातलं काहीही करू नये. रिटर्न भरून होऊ दे, मग निवांत बसा.

## टप्पा १: ताण नक्की कोणाचा ते ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसेसमध्ये सीपीयू या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वात जास्त खाणारा वर येतो. आता हात मागे घ्या आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. पीसी नुकताच चालू केला असेल तर पहिल्या पाच मिनिटांतल्या आकड्याला अर्थ नाही, तेव्हा सगळेच प्रोग्रॅम एकदम उठलेले असतात.

दर दोन मिनिटांनी वहीत तीन गोष्टी लिहा: वर असलेलं नाव, सीपीयूचा टक्का आणि डिस्कचा टक्का. डिस्क शंभरावर आणि सीपीयू वीस-पंचवीसवर असेल तर दुखणं डिस्कचं आहे. जुनी हार्ड डिस्क असलेल्या पीसीत हे हमखास दिसतं, आणि तिथे एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीशिवायची जलद डिस्क, बसवण्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

नेहमीची चूक: डिटेल्स टॅबमध्ये सिस्टिम आयडल प्रोसेस ९५ वर दिसली की लोक घाबरतात. तो आकडा म्हणजे प्रोसेसर तेवढा रिकामा बसला आहे. त्याला मारायला जाऊ नका, तो मरतही नाही.

परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जाऊन आणखी दोन ओळी बघा.

पहिली स्पीड. शेजारी बेस स्पीड लिहिलेला असतो. मशीन कामात असतानाही चालू स्पीड त्याच्या खूप खाली अडकलेला असेल तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतोय. अशा वेळी साधं कामसुद्धा शंभर टक्के दाखवतं. आपल्याकडच्या दमट हवेत पंख्यावर धूळ नुसती बसत नाही, लेपासारखी चिकटते. किनारपट्टीच्या गेस्ट हाऊसमधला पीसी उघडला की ते थर हाताने सोलून निघतात. हे दिसलं तर आधी साफसफाई करा, बॅकअप निर्दोष असू शकतो.

दुसरी ओळ अप टाइम. रोज रात्री शटडाऊन करणाऱ्याच्या पीसीवरही इथे कधीकधी वीस-वीस दिवस दिसतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. म्हणून "बंद करून चालू केला" हा उपाय इथे धरायचा नाही. स्टार्ट मेनूतून रीस्टार्ट करा आणि हा टप्पा पुन्हा घ्या. चारातली एक तक्रार इथेच मिटते.

## टप्पा २: काम चाललंय की अडकलंय?

बॅकअप सॉफ्टवेअर फायलींची यादी फिरतं, जुन्या प्रतीशी ताडून बघतं, बदललेला भाग दाबून लहान करतं, कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करतं आणि शेवटी डिस्कवर किंवा क्लाऊडवर पाठवतं. प्रोसेसर खाणारी कामं मुख्यतः ताडणं, दाबणं आणि कुलूपबंद करणं ही. पहिला बॅकअप असेल, किंवा तुम्ही नुकतेच हजारभर फोटो आत टाकले असतील, तर ताण येणारच. तो आजार नव्हे.

सॉफ्टवेअरच्या खिडकीत झालेल्या फायलींचा आकडा लिहा, पंधरा मिनिटांनी पुन्हा लिहा. पुढे सरकला असेल तर त्याला काम करू द्या आणि थेट चौथ्या टप्प्यावर जाऊन वेळ बदला.

आकडा जागचा हलला नसेल तर टक्क्याकडे नीट बघा. चार लॉजिकल प्रोसेसरच्या पीसीवर एखादा प्रोग्रॅम २५ टक्क्यांना चिकटून बसला असेल, किंवा आठच्या पीसीवर साडेबारा टक्क्यांना, तर त्याचा एकच धागा, म्हणजे कामाची एकच साखळी, पूर्ण वेगाने फिरतोय, आणि बहुधा एकाच जागी. (लॉजिकल प्रोसेसर किती हे परफॉर्मन्समध्येच लिहिलेलं असतं.) खरं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा आकडा वरखाली होत राहतो. सरळ रेषेसारखा स्थिर आकडा आणि न हलणारी यादी एकत्र दिसली तर पाचवा आणि आठवा टप्पा तुमच्यासाठी आहे.

## टप्पा ३: मारू नका, थांबवा

घड्याळाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक करा, बॅकअपचं चिन्ह शोधा आणि तिथून पॉझ करा. वनड्राइव्हमध्ये २, ८ किंवा २४ तासांचा पर्याय येतो. २ तास पुरे. गूगल ड्राइव्हमध्ये पॉझची सोय सेटिंगच्या चक्रात आहे.

आता पाच मिनिटं थांबून सीपीयू बघा.

- खाली आला: दोषी सापडला. पुढच्या टप्प्यावर जा.
- अर्धाच आला: बॅकअप आणि अँटीव्हायरस हातात हात घालून चालले आहेत. सहावा टप्पा.
- हललाच नाही: बॅकअपवर उगाच आळ घेतलात. विंडोज अपडेट, सर्च इंडेक्सिंग किंवा ब्राउझरकडे बघा.

तपासणी: पॉझ केल्याची वेळ वहीत लिहा आणि स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी लावा. पॉझ करून विसरलेला बॅकअप हा मी पाहिलेला सर्वात महागडा बॅकअप आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरांत तो आपोआप परत चालू होत नाही.

## टप्पा ४: चुकलेली वेळ

ऑफिसांतली बहुतेक दुखणी इथे निघतात, म्हणून थोडं थांबून बघू.

सॉफ्टवेअर बसवताना कुणीतरी वेळ ठेवलेली असते: रात्री २. कागदावर छान. पण तुमचा पीसी रात्री आठला बंद होतो. मग सकाळी चालू केल्याबरोबर "चुकलेलं काम ताबडतोब करा" हा नियम जागा होतो, आणि तुम्ही पहिलं बिल करायला बसता नेमका तेव्हाच बॅकअप पूर्ण जोरात सुटतो. त्याच वेळी अँटीव्हायरसलाही त्याची चुकलेली तपासणी आठवते. चवथीनंतरची गर्दी ती हीच.

आधी बॅकअप सॉफ्टवेअरमध्येच वेळापत्रक शोधा, बहुतेकांचं स्वतःचं असतं. तिथे नसेल तर स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधून उघडा, लायब्ररीत त्या सॉफ्टवेअरच्या नावाचं काम निवडा आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. सेटिंग्जमध्ये, ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर काम सुरू करा, अशा अर्थाची चौकट असते.

नेहमीची चूक: नुसती ती खूण काढणं. पीसी रात्री २ ला कधीच चालू नसेल तर त्या खुणेशिवाय बॅकअप कधीच होणार नाही. सकाळी पीसी एकदम पळायला लागतो, मालक खूश होतो, आणि तीन महिन्यांनी डिस्क गेली की कळतं.

खरा उपाय म्हणजे वेळ हलवणं, आणि त्यासाठी आपल्याकडे जी सोय आहे ती मुंबईच्या दुकानदाराला नाही. फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली, कुठेही जा, दुपारी जेवण आणि झोपेसाठी शटर खाली येतं. ते दोन-अडीच तास बॅकअपला द्या. वेळ ठेवा दुपारी सव्वा. शटर ओढताना पीसी बंद करायचा नाही, विंडोजची खूण आणि एल दाबून लॉक करायचा. स्क्रीन बंद झाली तर चालेल. पण पॉवर सेटिंगमध्ये स्लीपची वेळ तीन तासांच्या पुढे न्या, नाहीतर पीसी तुमच्याबरोबरच झोपेल आणि बॅकअप अर्धवट राहील. वेळ बदलल्यावर चुकलेल्या कामाची खूण तशीच राहू द्या. एखाद्या दुपारी लाईट गेली तर ती उपयोगी पडेल.

अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी वेगळ्या दिवशी ठेवा. म्हापशातल्या दुकानात शुक्रवार, बाजाराचा दिवस, दोन्हींसाठी वर्ज्य.

तपासणी: दुसऱ्या दिवशी चार वाजता बॅकअपचा लॉग, म्हणजे त्याने कधी काय केलं याची नोंद, उघडा. सुरू झाल्याची आणि संपल्याची, दोन्ही वेळा दिसल्या पाहिजेत.

## टप्पा ५: आत काय कोंबलंय ते बघा

फोंड्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात पीसी सकाळपासून रात्रीपर्यंत अगदी २५ टक्क्यांवर अडकलेला असायचा. बॅकअपचं सॉफ्टवेअर "सतत" पद्धतीवर होतं, म्हणजे फाईल बदलली की लगेच प्रत. पाहिलं तर ते स्वतःचा लॉग लिहीत होतं डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये, आणि डॉक्युमेंट्स बॅकअपमध्ये होतं. लॉगमध्ये एक ओळ पडली की फाईल बदलली, बदलली म्हणून प्रत, प्रत झाली म्हणून लॉगमध्ये आणखी एक ओळ. लॉग फुगून दोन जीबीच्या वर गेला होता. त्या एका फाईलला यादीतून वगळलं आणि पंखा थांबला. मालक म्हणाले, "एवढंच?" मी बिल थोडं कमी लावलं.

असा फेरा आणखी एका प्रकारे होतो: बॅकअपची फाईल जिथे साठते तो फोल्डरच दुसऱ्या कुठल्या बॅकअपच्या आत असतो. एक सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर फाईल बनवतं, क्लाऊडवालं तीच उचलायला धावतं. म्हणून कागदावर दोन रकाने करा. डावीकडे काय उचललं जातं, उजवीकडे कुठे ठेवलं जातं. पीसीवरच्या प्रत्येक बॅकअप आणि सिंक (फायली क्लाऊडशी सतत जुळवत ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरसाठी एक ओळ. उजवीकडचा एकही फोल्डर डावीकडच्या कुठल्याही फोल्डरच्या पोटात असता कामा नये. आणि एकाच फोल्डरवर दोन क्लाऊड बसवू नका.

त्यानंतर सतत बदलणाऱ्या मोठ्या फायली. टॅली चालू असताना तिचा डेटा फोल्डर मिनिटामिनिटाला बदलतो. तो सरळ सिंकमध्ये ठेवला तर प्रोसेसर तर खातोच, वर वेगवेगळ्या क्षणांच्या फायली एकत्र येऊन ती प्रत उघडेलच याची खात्री राहत नाही. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअप घ्या, तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तोच फोल्डर क्लाऊडला द्या. आऊटलूकची पीएसटी फाईलही तशीच. प्रत्येक मेलबरोबर ती बदलते. तिला सतत पद्धतीतून काढून दिवसातून एकदाच्या बॅकअपमध्ये टाका.

टेम्प, ब्राउझरचा कॅश आणि रीसायकल बिन वगळा.

सावधान: अॅपडेटा हा फोल्डर अख्खा वगळू नका. काही मेल प्रोग्रॅम तुमचे सगळे मेल तिथेच ठेवतात.

संख्येकडेही लक्ष द्या. वनड्राइव्हमध्ये एकूण ३ लाखांपेक्षा जास्त फायली सिंक करू नका असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. आकार लहान असला तरी प्रत्येक फाईल तपासावी लागते. जुनी स्कॅन केलेली बिलं वर्षावार झिप करून ठेवली की ही संख्या झपकन उतरते.

## टप्पा ६: अँटीव्हायरसशी समेट

बॅकअप एखादी फाईल उघडतो, तेव्हा अँटीव्हायरसही ती तपासतो. एका फाईलमागे दोघांचं काम. टास्क मॅनेजरमध्ये बॅकअपच्या जोडीला अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल वर दिसत असेल तर हेच चाललंय.

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस आणि थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्सक्लूजन्स. तिथे फोल्डर न निवडता प्रोसेस निवडा आणि फक्त बॅकअपच्या मुख्य प्रोग्रॅमचं पूर्ण ठिकाण द्या. त्या प्रोग्रॅमने उघडलेल्या फायलींची तात्काळ तपासणी मग होत नाही, बाकी सगळ्यांची होते.

नेहमीची चूक: अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाऊनलोड्स वगळणं. किंवा "आजच्यापुरता" अँटीव्हायरस बंद करणं. दुसरा अँटीव्हायरस विकत घेऊन बसवला असेल तर ही सेटिंग त्याच्यात शोधा.

## टप्पा ७: जोर कमी करा

सॉफ्टवेअरच्या प्रगत सेटिंगमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे फायली दाबून लहान करण्याचा पर्याय, सापडेल. हाय असेल तर नॉर्मलवर आणा. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ सांभाळणाऱ्या स्टुडिओवाल्यांनी ते बंदच करावं. जेपीजी, एमपीफोर, झिप या मुळातच दाबलेल्या फायली आहेत. त्या पुन्हा दाबायला प्रोसेसर तासभर झटतो आणि जागा नावापुरती वाचते.

तिथेच प्रायॉरिटीचा पर्याय असेल तर लो निवडा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समधूनही प्रायॉरिटी बदलता येते, पण तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला की ती पूर्ववत होते. त्या मार्गाने फक्त चाचणी घ्या.

सावधान: एका दिवशी एकच सेटिंग. चार एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, दोन्ही कळणार नाही.

## टप्पा ८: लाईट गेल्यानंतरची मोडतोड

जूनमध्ये लाईट झपझप जाते-येते. बॅकअप चालू असताना पीसी धाडकन बंद झाला तर सॉफ्टवेअरची स्वतःची नोंदवही बिघडू शकते, आणि मग ते दर सुरुवातीला ती दुरुस्त करत बसतं. सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय, रिपेअर किंवा रीबिल्ड असं काही असेल तर ते एकदा दुपारी चालवा आणि पूर्ण होऊ द्या.

बाहेरची डिस्क लावत असाल तर तिचं अक्षर बघा. काल ती ई होती, आज कुणीतरी पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून एफ झाली, आणि बॅकअप बिचारा ई शोधत फिरतोय किंवा सगळं पहिल्यापासून घेतोय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला शेवटचं एखादं अक्षर, एक्स म्हणा, कायमचं द्या. सॉफ्टवेअरमध्येही तेच बदला.

नंतर स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून उजव्या क्लिकने अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत चेकडिस्कची कमांड द्या: सी-एच-के-डी-एस-के, जागा सोडून सी आणि कोलन (:), पुन्हा जागा, तिरपी रेघ (/) आणि तिला जोडूनच स्कॅन. विंडोज चालू असतानाच ती डिस्क तपासते. डिस्कच खराब होत चालली असेल तर बॅकअपचं बघू नका, आधी डेटा बाहेर काढा.

त्याच खिडकीत व्ही-एस-एस-अॅडमिन, मग जागा सोडून लिस्ट, जागा सोडून रायटर्स. उघड्या फायलींची स्थिर प्रत घेणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेची हजेरी येते. यादीतल्या प्रत्येक रायटरसमोर स्टेबल आणि नो एरर हवं. कुठे फेल्ड दिसलं तर रीस्टार्ट करून पुन्हा बघा. परत तेच आलं तर त्या रायटरचं नाव लिहून घेऊन सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला सांगा. ही हजेरी बॅकअप चालू नसतानाच घ्या. चालू असताना अधलीमधली स्थिती दिसते आणि उगाच धाबं दणाणतं.

पीसीला यूपीएस नसेल तर हा टप्पा दर पावसाळ्यात करावा लागेल.

## टप्पा ९: काढून पुन्हा बसवणं

इथवर काही उपयोग झाला नसेल तरच. आधी सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली आहे का ते बघून अपडेट करा. काढायचंच असेल तर वगळलेल्या फोल्डरांच्या यादीचे, वेळापत्रकाचे आणि ठिकाणांचे मोबाइलवर फोटो काढा. एन्क्रिप्शन की समोर ठेवा. काढताना जुना बॅकअपही पुसायचा का असं विचारलं तर नाही म्हणा.

नव्याने बसवल्यावर जुना बॅकअप जोडण्याचा पर्याय शोधा. तो सुटला तर पहिल्यापासून पूर्ण बॅकअप सुरू होतो आणि दोन-तीन दिवस पीसी पुन्हा रखडतो. असं झालं तर शनिवारी दुपारी सुरू करा, रविवारभर चालू द्या.

## तीन दिवसांची नोंद

शेवटचा बदल केल्यापासून तीन दिवस, सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा या वेळी सीपीयूचा आकडा वहीत लिहा. रोज चार वाजता लॉगमधल्या दोन वेळा लिहा. तिसऱ्या दिवशी तयारीत काढली होती तशीच एक फाईल बॅकअपमधून परत काढा, पण ती आदल्या दिवशी बदललेली असू दे, आणि उघडून आतला आकडा ताडून बघा. तो जुळला की स्क्रीनच्या कडेची चिठ्ठी काढून टाका.